‘पंप गेला’ म्हणण्याआधी

शेगावहून खामगावकडे जाताना रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर उभा दिसला आणि भोवती चार-पाच माणसं जमलेली असली, की ‘काहून बंद पडला?’ या प्रश्नाला उत्तर तयार असतं: ‘पंप गेला वाटते, भाऊ.’ हा पंप विहिरीवरचा नव्हे. इंजिनाच्या अंगाला बसवलेला, ज्यातून पोलादी बारीक नळ्या निघून प्रत्येक सिलिंडरच्या माथ्यावर जातात, तो डिझेल पंप. इंजिनाच्या सगळ्यात महागड्या भागांपैकी हा एक, त्यामुळे ‘गेला’ हा शब्द ऐकला की मालकाचा चेहरा उतरतो. पण रस्त्यावर झालेली ही निदानं पुष्कळदा चुकीची निघतात. ट्रॅक्टर थांबलेला असतो तो चोंदलेल्या फिल्टरमुळे, नळीत शिरलेल्या हवेमुळे किंवा डिझेलबरोबर आलेल्या पाण्यामुळे, आणि पंप शाबूत असतो. तो खरोखर जातो तेव्हाही कारण बहुधा त्याच्या पोटात नसतं. ते गोठ्याशेजारी ठेवलेल्या डिझेलच्या ड्रममध्ये असतं.

पेट्रोलच्या इंजिनात इंधन पेटवायला प्लगची ठिणगी लागते. डिझेलमध्ये प्लग नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा शिरला की तो आपसूक पेट घेतो. फवारा जरा आधी आला तर इंजिन ठोकतं, उशिरा आला तर धूर सुटतो आणि ताकद जाते. किती डिझेल, केव्हा आणि किती दाबानं, हे तिन्ही हिशेब पंपाकडे.

नाल्यावर किंवा शेततळ्यावर लावलेलं ५ अश्वशक्तीचं एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतं. पूर्ण भारावर ते तासाला लिटरभर डिझेल पितं. त्याच तासात पंप ४५ हजार वेळा डिझेल सोडतो, म्हणजे एका वेळी साधारण अर्धा थेंब. तो सुटायला मिळणारा वेळ सेकंदाचे दोन-तीन सहस्रांश, आणि दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट. तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर २००० फेऱ्यांवर चालत असेल तर सेकंदाला ५० फवारे होतात. आठ तासांच्या नांगरटीत चौदा लाखांवर.

हे साधायला इंजिनाच्या जन्मानंतर तीस वर्षं जावी लागली. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन जर्मनीत आउग्सबुर्गला १८९७ साली नीट चाललं, पण त्यात इंधन आत ढकलायला दाबलेली हवा लागे आणि तिच्यासाठी वेगळा काँप्रेसर. असं धूड शेतात नेणार कसं? श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी १९२२ साली डिझेल पंपाचं काम हाती घेतलं आणि १९२७ साली त्याचं कारखान्यातलं उत्पादन सुरू झालं. डिझेलवरच्या ट्रक-ट्रॅक्टरांचा मार्ग तिथून मोकळा झाला. महाराष्ट्रात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात निघाली आणि हळूहळू मोटेच्या जागी इंजिन आलं. भारतात पंप बनवणारी मोटार इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, १९५१ची. तिचे पंप बंगलोरला बनत, फवारा सोडणारी नोझल नाशिकच्या सातपुरात. नाशकातलं मायको सर्कल तिच्याच नावाचं. २००८ साली कंपनीचं नाव बॉश झालं. जुन्या मिस्त्रींच्या तोंडून मात्र ‘मायकोचा पंप’ काही जात नाही.

पंप उघडला तर आत दिसायला फार नवल नसतं. एक पोलादी नळकांडं, ते बॅरल. त्यात वरखाली होणारा करंगळीहून बारीक दांडा, तो प्लंजर. या जोडीला मिस्त्री ‘एलिमेंट’ म्हणतात आणि नवल आहे ते या दोघांमधल्या फटीत. ती दोन ते चार मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड भरतो. इथे रबरी वायसर नाही, रिंग नाही. धातू धातूला इतका नेमका बसतो की दोनशे पट दाब त्याच फटीत अडून राहतो. कारखान्यात प्रत्येक प्लंजर त्याच्या त्याच्या बॅरलमध्ये घासून जुळवलेला असतो, त्यामुळे एकाचा दांडा दुसऱ्याच्या नळकांड्यात घातला की दोन्ही जोड्या वाया. चांगला कारागीर पंप खोलताना प्रत्येक जोडी वेगळ्या खणात ठेवतो. सगळे प्लंजर एकाच तसराळ्यात टाकून रॉकेलमध्ये खळबळणारा मिस्त्री दिसला, तर मालकानं पंप उचलून घरचा रस्ता धरलेला बरा.

प्लंजरच्या अंगावर एक तिरकी खाच कोरलेली असते. दांडा वर जाताना आधी डिझेल येण्याचं भोक बंद करतो, दाब वाढतो, वरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह उघडतो आणि डिझेल नळीतून नोझलकडे धावतं. तिरकी खाच भोकासमोर आली की दाब एकदम सुटतो आणि फवारा तुटतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर पंपातली रॅक नावाची पट्टी सरकते, ती प्लंजरला किंचित फिरवते आणि खाच जरा लवकर किंवा जरा उशिरा भोकासमोर येते. डिझेल कमी-जास्त होतं ते एवढ्यावरच. पंपाच्या एका टोकाला गव्हर्नर बसलेला असतो. नांगर कठीण जमिनीत रुतून फेरे उतरू लागले की तो डिझेल वाढवतो, भार सुटला की आखडतो. काही जुन्या पंपांत हा गव्हर्नर इंजिनानं ओढलेल्या हवेवर चालतो आणि त्यात चामड्याचा पडदा असतो. वर्षानुवर्षं तेलाचा थेंब न मिळालेला तो पडदा वाळतो, चिरतो, आणि मग इंजिनाचे फेरे कुणाचं ऐकत नाहीत.

ज्या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळं एलिमेंट रांगेत असतं, तो इनलाइन. त्याच्या खालच्या पेटीत कॅमशाफ्ट असतो आणि त्याला वंगणाचं तेल मिळतं. दुसरा रोटरी: त्यात सगळ्या सिलिंडरांना मिळून एकच ‘हेड-रोटर’, आणि फिरता फिरता तोच एकेका नळीला आपापला वाटा देतो. रोटरी लहान, हलका, स्वस्त. पण त्याच्या आतल्या सगळ्या भागांना वंगण म्हणून मिळतं ते फक्त डिझेल. म्हणून डिझेलमध्ये खोट असली की रोटरी आधी बसतो, इनलाइन थोडे दिवस जास्त काढतो.

ती खोट येते कुठून? माटरगाव, मनसगावकडच्या शेतकऱ्याला पेरणीच्या धांदलीत दर वेळी ट्रॅक्टर घेऊन पेट्रोल पंपावर जाणं परवडत नाही. कॅन भरून आणले जातात, ऐपत असली तर दोनशे लिटरचा ड्रम. ड्रम अर्धा रिकामा झाला की वरच्या जागेत हवा भरते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि रात्री उतरतो, पावसाळ्यात हवा दमट असते. तिच्यातली वाफ ड्रमच्या पत्र्यावर थेंब धरते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. रबरी नळी तळापर्यंत घालून तोंडानं ओढलेलं डिझेल म्हणजे नेमका तोच थर. त्यात काळ्या मातीची धूळ, उघडं नरसाळं आणि बोळा म्हणून खुपसलेली चिंधी. फिल्टरचा कागद पाच-दहा मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतो, पण तो फाटला किंवा ‘सध्या राहू दे’ म्हणून काढून ठेवला, की ती धूळ थेट दोन मायक्रॉनच्या फटीशी जाऊन भिडते. प्लंजरवर उभे ओरखडे पडतात, खाचेजवळ चकचकीत पोलाद दुधाळ, मळकट दिसू लागतं. दाब तिथून गळतो.

जस्ताचा मुलामा दिलेल्या पिंपांचीही एक खोड आहे. डिझेल आणि जस्त यांचं जमत नाही. त्यातून चिकट साका तयार होतो आणि तो फिल्टर व नोझल बुजवतो. घरात पाण्यासाठी आणलेली जस्ती टाकी डिझेलला वापरली की हा त्रास हमखास.

शेगाव तालुक्याची आणखी एक अडचण आहे आणि ती पुस्तकी सल्ल्यात सापडत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा इथूनच जातो. जमिनीखालचं पाणी खारं, त्यामुळे विहिरीवर बारमाही ओलीत करणं अवघड. नदी-नाल्यातून किंवा शेततळ्यातून पाणी उचलून हरभऱ्याला एक-दोन पाणी द्यायचं, एवढ्यासाठीच अनेकांचं डिझेल इंजिन बाहेर निघतं. म्हणजे ते वर्षातले थोडे दिवस चालतं आणि बाकीचे महिने ताडपत्रीखाली असतं. पंपाला चालण्यापेक्षा हे बसून राहणं जास्त जाचतं. आत राहिलेल्या डिझेलमधलं पाणी प्लंजरवर तांबेरा चढवतं, प्लंजर बॅरलमध्ये धरतो, रॅक हलेनाशी होते. हंगाम संपल्यावर टाकी काठोकाठ भरून ठेवणं, फिल्टरखालचं पाणी सोडणं आणि महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू करणं, एवढ्यानं हा बिघाड टळतो.

भेसळीचं प्रकरण वेगळं. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ आणि त्याचा निसरडेपणा कमी. ते इंजिनात जळतं खरं, पण रोटरी पंपाच्या अंगाला वंगण देत नाही. रेशनवरच्या स्वस्त रॉकेलला निळा रंग देण्याचं एक कारण हेच होतं, की ते डिझेलमध्ये मिसळलं तर ओळखता यावं. महाराष्ट्रात या धंद्याची मुळं किती खोल गेली होती ते २५ जानेवारी २०११ रोजी दिसलं. त्या दिवशी मनमाडजवळ पानेवाडी भागात मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनाची भेसळ पकडताना जिवंत जाळण्यात आलं.

भेसळ नसलेलं डिझेलही कधी कोरडं पडतं. स्वीडननं १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हवा स्वच्छ राहावी म्हणून गंधक जवळजवळ काढून टाकलेलं डिझेल विकायला आणलं, आणि थोड्याच दिवसांत रोटरी पंप पटापट झिजू लागले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले अंगचे वंगण देणारे घटकही निघून जातात, हे तेव्हा ध्यानात आलं. तेव्हापासून अशा डिझेलमध्ये वंगणासाठी वेगळं द्रव्य मिसळतात. भारतात १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत १० भागांवर आलं. त्याच्या जोडीला डिझेल किती वंगण देतं याची चाचणीही भारतीय मानकात आहे. तेव्हा ‘नव्या डिझेलनं पंप खाल्ला’ ही तक्रार सरसकट खरी मानता येत नाही. पेट्रोल पंपावरून निघालेलं डिझेल बहुधा चांगलं असतं, ते बिघडतं पुढच्या प्रवासात.

मग पंप खरोखर गेलाय, हे ओळखायचं कसं? जाणता मिस्त्री पंपाला सगळ्यात शेवटी हात लावतो. आधी तो टाकीचा कॉक पाहतो. हसू येईल, पण अर्धवट बंद राहिलेल्या कॉकमुळेही ‘पंप जातो’. मग फिल्टरखालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत डिझेल घेतो आणि बाटली थोडा वेळ उभी ठेवतो. पाणी असेल तर तळाशी थर दिसतो. मग फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हँड पंप मारत राहतो. डिझेलऐवजी फेसच येत राहिला, तर कुठून तरी हवा शिरते आहे: घसटलेला तांब्याचा वायसर, चिरलेली नळी, सैल बोल्ट. डिझेल सहजी दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. नळीत बुडबुडा अडकला की प्लंजर त्यालाच दाबत आणि सोडत बसतो, नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. ‘इंजिननं एअर घेतली’ म्हणतात ते हेच, आणि पंप बिघडल्याचं हे सगळ्यात फसवं सोंग.

त्यानंतर पाळी नोझलची. इंजिन मंद चालू ठेवून एकेका नळीचा नट किंचित सैल करायचा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तोच सिलिंडर काम करत नव्हता. त्याचं नोझल काढून टेस्टरवर लावलं की हाताच्या दांड्यानं दाब देऊन फवारा डोळ्यांनी पाहता येतो. धुक्यासारखा उडाला तर ठीक. धार लागली किंवा टोकाशी थेंब लोंबला तर नोझल गेलं. नोझलचा खर्च पंपाच्या खर्चापुढे किरकोळ असतो. इथे एक धोका सांगायलाच हवा. टेस्टरच्या फवाऱ्यासमोर किंवा गळणाऱ्या नळीवर बोट धरून ‘बघू किती जोर आहे’ म्हणणारे असतात. दोनशे पट दाबाची ती धार कातडीतून आत शिरते. बाहेर टोचल्याएवढी खूण दिसते, आतला भाग काही तासांत सडू लागतो. अशा माणसाला हळद लावून घरी बसवायचं नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरांना दाबाखालचं डिझेल शिरलंय हे स्पष्ट सांगायचं.

धुराचा रंगही बोलतो, पण तो ऐकताना गफलत होते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरला हवा कमी पडते ती मातीनं भरलेल्या एअर क्लीनरमुळे, म्हणून आधी तो उघडावा. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय: टायमिंग मागे गेलं असेल, नोझल गळत असेल किंवा पाणी असेल. निळा धूर इंजिन ऑइलचा, त्याचा पंपाशी बहुधा संबंध नसतो.

हे सगळं निस्तरूनही दुखणं राहिलं तर मग पंप. सकाळी गार असताना ट्रॅक्टर पटकन सुरू होतो आणि दुपारी तापल्यावर बंद केला की पुन्हा सुरूच होत नाही, हे झिजलेल्या हेड-रोटरचं ठरलेलं लक्षण. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि वाढलेल्या फटीतून निसटतं. पंपावर गार पाणी ओतलं की इंजिन लागतं, हा त्याचा रस्त्यावरचा पुरावा. मात्र तापल्या रोटरवर एकदम गार पाणी पडलं तर तो धरूनही बसू शकतो, त्यामुळे ही परीक्षा रोजचा उपाय होता कामा नये. दुसरं लक्षण डिपस्टिकवर दिसतं. इंजिन ऑइल कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर पंपाचं किंवा टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचं सील फुटून डिझेल खाली उतरतंय. असं ऑइल बेअरिंगांना पुरत नाही. पंप वाचवण्याच्या नादात क्रँक घालवण्याची वेळ येते. तिसरं: नोझल बदललं तरी तोच सिलिंडर कमी पडतो, म्हणजे त्याचं एलिमेंट किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह.

पंप उतरवणं हे पान्याचं काम वाटतं, खरं ते स्वच्छतेचं आहे. नट सोडवण्याआधी बाहेरची माती आणि चिकट मळ धुऊन काढायचा, पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनावर जुळणारी एक रेघ कोरून ठेवायची, सुटलेल्या प्रत्येक नळीला आणि तोंडाला टोपी लावायची. एका सिलिंडरच्या इंजिनावर पंपाखाली पातळ पत्र्याच्या शिम असतात. त्यांच्या जाडीवरच टायमिंग ठरतं, म्हणून जेवढ्या निघाल्या तेवढ्याच परत बसवायच्या. पंपावर रिव्हेट केलेल्या पत्र्यावरचा नंबर लिहून घ्यावा. एकाच आकाराच्या दोन पंपांत प्लंजरची जाडी, कॅमची उंची, गव्हर्नरची स्प्रिंग वेगळी असू शकते. ‘सेम टू सेम’ म्हणून भंगारातून आणलेला पंप बसतो, इंजिन सुरूही होतं, आणि महिन्याभरात पिस्टन जळतो.

पुढचं काम टेस्ट बेंचशिवाय होत नाही. हे बेंच तालुक्याच्या प्रत्येक गॅरेजात नसतं. शेगावच्या माणसाला त्यासाठी खामगाव किंवा अकोला गाठावं लागू शकतं. बेंचवर विजेच्या मोटरनं पंप हव्या त्या वेगावर फिरवतात, त्यात डिझेलऐवजी ठरावीक गुणांचं चाचणीचं तेल साधारण ४० अंशांवर ठेवून सोडतात आणि प्रत्येक नळीचं तेल समोरच्या उभ्या काचेच्या मोजनळ्यांत घेतात. ठरावीक फवाऱ्यांनंतर नळ्यांतली पातळी सारखी आली पाहिजे. एक नळी वर, एक खाली, म्हणजे इंजिन थरथरणार. मग मंद वेग, पूर्ण भार, गव्हर्नर कुठे तोडतो, सुरू होताना किती जास्त देतो, हे सगळं कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहतात. पंप खोलण्याआधी एकदा आणि बांधल्यावर पुन्हा, असं दोनदा बेंचवर चढवणारा कारागीर विश्वासाचा, कारण पहिल्या फेरीतच कळतं की खोलायची गरज आहे की नुसत्या जुळवणीवर भागेल.

दुरुस्ती की नवा? एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, ऑइल सील, फीड पंपाचा पडदा एवढंच गेलं असेल तर दुरुस्तीच योग्य. इनलाइन पंप असा दोन-तीनदा बांधून आयुष्यभर चालतो. रोटरीत हेड-रोटर जोडीनंच बदलावा लागतो आणि त्याची किंमत पंपाच्या किमतीचा मोठा वाटा खाते. त्याच्यासोबत कॅम रिंगवर खड्डे पडले असतील, पंपाच्या शाफ्टची बुशिंग ढिली असेल, बाहेरच्या कवचाला तडा असेल, तर हिशेब नव्या पंपाकडे झुकतो. बनावट भागांचा बाजार हा यातला खरा खड्डा. वरची पेटी हुबेहूब, आतला प्लंजर मऊ पोलादाचा. म्हणून जुने भाग परत मागून घ्यावेत, नव्या भागांचं पक्कं बिल घ्यावं आणि बेंचच्या आकड्यांचा कागद मागावा. मागणाऱ्याला तो मिळतो.

बेंचवर आणखी एक मागणी हमखास होते: ‘थोडा वाढवून द्या.’ पंपावर जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा ठरवणारा एक स्क्रू असतो आणि कारखाना त्यावर तार ओवून शिसं दाबून सील करतो. हा स्क्रू फिरवला की ट्रॅक्टर ट्रॉली जोरात ओढतो, म्हणून ऊस, कापूस, विटा वाहणाऱ्यांना त्याचा मोह. पण हवा तेवढीच असते. जास्तीचं डिझेल अर्धवट जळून काळा धूर होतं, न जळालेलं सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं, पिस्टनचं डोकं तापतं. सील तुटलेला पंप घेऊन कंपनीकडे गेलं तर हमीही गेलेली असते. ज्यांना डिझेलचा खरा हिशेब ठेवावा लागतो ते उलट्या बाजूनं विचार करतात. एसटी महामंडळ बसची कामगिरी दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर, अशी मोजतं. कुठल्याही आगारात एखादी गाडी सतत मागे पडू लागली की टायरची हवा, ब्रेक, चालकाची सवय आणि पंप-नोझल, अशी तपासणी सुरू होते. एकट्या ट्रॅक्टरच्या मालकानंही वहीत तासांमागे डिझेल लिहिलं, तर पंप झिजायला लागल्याचं धूर दिसण्याआधी कळेल.

बांधून आलेला पंप बसवण्याआधीचं काम बहुतेक जण टाळतात: टाकी उतरवून धुणं, नळ्या फुंकून साफ करणं, दोन्ही फिल्टर नवे टाकणं. जुन्या टाकीतला साका तसाच ठेवून नवं एलिमेंट चालू केलं की ते पहिल्याच हंगामात जुन्याच्या वाटेनं जातं आणि शिव्या बसतात पंपवाल्याला. बसवताना कोरलेली रेघ रेघेला जुळवायची, मग आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलच्या नळ्या, या क्रमानं हवा काढायची. रोटरी पंपात आधी स्वच्छ डिझेल भरून घ्यायचं, कोरडा फिरवायचा नाही. इंजिन सुरू झाल्यावर बंद करायचा दांडा हाताशी आणि माणूस शेजारी हवा, कारण रॅक पूर्ण उघडी अडकली तर इंजिन फेऱ्यांमागून फेरे चढवत सुटतं. तासाभरानं नट पुन्हा तपासायचे, दुसऱ्या दिवशी डिपस्टिक.

विहिरीवरच्या इंजिनांची संख्या यापुढे घटतच जाईल. २०२४मध्ये राज्यानं आणलेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेनं या घटीला आणखी वेग दिला आहे. ट्रॅक्टरांचं तसं नाही. ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३पासून प्रदूषणाचे कडक नियम लागले आणि त्यांच्यावर संगणकाच्या हुकमानं चालणारी कॉमन रेल ही इंधन सोडण्याची पद्धत आली. त्याखालच्या ट्रॅक्टरांवर अजून जुन्या धाटणीचा पंप आहे, आणि शेतावर दिसतात ते बहुतेक याच गटातले. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर धावणारे नवे ट्रक आणि शेगावला दर्शनाला येणाऱ्या नव्या डिझेल गाड्या मात्र सगळ्या कॉमन रेलच्या. तिथे दाब दोनशे पट नव्हे, दीड-दोन हजार पट असतो, आणि पंपात धातूचा कीस सुटला तर तो एका पंपावर थांबत नाही. रेल, नळ्या, सगळे इंजेक्टर आणि टाकीपर्यंत पोचतो. अमेरिकेत डिझेल पिकअपच्या मालकांनी अशा पंपांवरून वाहन कंपन्यांना कोर्टात खेचलं, ते या एकगठ्ठा खर्चामुळेच.

कॉमन रेलच्या इंजेक्टरांच्या डोक्यावर अक्षरांचा-आकड्यांचा एक कोड कोरलेला असतो. तो इंजेक्टर कारखान्यात किती डिझेल सोडताना मोजला गेला, हे त्यात नोंदलेलं असतं. नवा इंजेक्टर बसवल्यावर स्कॅनरनं तो कोड इंजिनाच्या संगणकात भरावा लागतो, नाहीतर इंजिन मंद चालीवर थरथरतं. असं स्कॅनर आणि हजारो पट दाबाचं बेंच जवळ नसेल, तर गावातल्या मिस्त्रीनं करायचं काम एवढंच उरतं: फिल्टर उघडून आतल्या डिझेलवर चुंबक धरायचं. चुंबकाला चकचकीत कीस चिकटला, तर गाडी पुन्हा सुरू करायची नाही, टोचण लावून मोठ्या गावच्या वर्कशॉपला न्यायची.